पहिला ग्राहक कोण?



‘स्टार्टअप’ हा शब्द आता घरोघरी पोहोचला आहे. वृत्तपत्रांत तो कोट्यवधींच्या गुंतवणुकीचे आकडे घेऊन येतो आणि ते आकडे म्हणजेच यश, अशी समजूत रूढ होत चालली आहे. नवउद्योगाच्या पहिल्या दोन-चार वर्षांत मात्र असे आकडे बहुधा नसतातच. असते ते एखादे अपुरे यंत्र किंवा अर्धवट लिहिलेली आज्ञावली, थोडी उसनवारी आणि विकत घ्यायला कोणी धजावत नाही अशी वस्तू. नवनिर्मितीचा कस लागतो तो याच काळात.

शब्द नवा असला तरी अनुभव महाराष्ट्राला नवा नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचे दुकान काढले. पुढे कडबा कापण्याचे यंत्र झाले आणि मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन विषारी होते, असा त्या काळच्या शेतकऱ्यांचा समज होता. पहिले नांगर खपायला सुमारे दोन वर्षे लागली. त्या समजाला आज हसणे सोपे आहे. परंतु पिढ्यान्‌पिढ्या लाकडी नांगर धरणाऱ्या कुणब्याच्या बाजूनेही विचार करावयास हवा. पीक बुडाले असते तर वर्ष त्याचे बुडणार होते, कारखानदाराचे नव्हे. नव्या वस्तूचा पहिला ग्राहक हा संशोधकाइतकाच धोका पत्करत असतो, ही गोष्ट उद्योगाच्या गौरवगाथांत सहसा येत नाही. बेळगावातील जागा सोडावी लागल्यावर औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलजवळचा माळ दिला आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. राजाश्रय मिळाला तो असा, वस्तू सिद्ध होऊन तिला गिऱ्हाईक लाभल्यावर.

आता अलीकडचे उदाहरण. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलाश काटकर हे शालेय शिक्षणानंतर पुढे न शिकता पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामाला लागले. पुढे त्यांनी स्वतःचे दुरुस्तीचे दुकान थाटले. संगणक आले तसे दुकानात संगणकही येऊ लागले आणि त्यांतले बरेचसे व्हायरसने बिघडलेले असत. त्या काळी फ्लॉपी एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात जाई आणि रोगही तिच्याबरोबर जाई. धाकटे बंधू संजय संगणकशास्त्र शिकत होते. त्यांनी या व्हायरसवर उतारा म्हणून छोट्या-छोट्या आज्ञावल्या लिहिल्या. त्यांतूनच १९९५ च्या सुमारास ‘क्विक हील’ बाजारात आले.

येथे नवनिर्मिती कोठे झाली? परदेशी अँटिव्हायरस तेव्हाही होतेच. पण पुण्याच्या पेठांतील छापखान्यात अथवा हिशेबनिसाच्या कचेरीत कोणता व्हायरस आला आहे, हे परदेशातल्या कंपनीला कळण्याआधी दुरुस्तीच्या टेबलावर कळत होते. ग्राहक बिघाड घेऊन स्वतः दारात येत होता. मोठमोठ्या कंपन्या ज्या माहितीसाठी सर्वेक्षणे करतात, ती या दुकानाला रोज, तीही मोबदला घेऊन मिळत होती. असे असूनही मधली वर्षे हलाखीची गेली. धंदा गुंडाळण्यापर्यंत वेळ आली होती. २००७ मध्ये कंपनीचे नाव क्विक हील टेक्नॉलॉजीज झाले, २०१० मध्ये सिकोया या गुंतवणूक संस्थेचे ६० कोटी रुपये आले आणि २०१६ मध्ये कंपनी शेअर बाजारात गेली. म्हणजे मोठे भांडवल आले ते उत्पादनाच्या जन्मानंतर सुमारे पंधरा वर्षांनी. आज पहिल्याच वर्षी गुंतवणूकदारांपुढे सादरीकरणे करीत फिरणाऱ्या तरुणांनी हा कालावधी लक्षात घ्यावा. अर्थात सर्वच क्षेत्रांना दुरुस्तीचे दुकान पुरत नाही, हेही तितकेच खरे.

रोगनिदानाचे क्षेत्र घ्या. मार्च २०२० मध्ये पुण्याच्या मायलॅबने कोरोनाचा चाचणी संच सहा आठवड्यांत तयार केला. त्या चमूचे नेतृत्व करणाऱ्या मीनल दाखवे-भोसले यांनी संच राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेकडे तपासणीस दिला आणि दुसऱ्या दिवशी त्यांना कन्यारत्न झाले. ही हकिकत सर्वांना ठाऊक आहे आणि कौतुकास पात्रही आहे. मात्र त्या सहा आठवड्यांच्या पाठीशी असलेली तयारी विसरली जाते. ही कंपनी एचआयव्ही आणि काविळीच्या विषाणूंच्या चाचण्या आधीपासून करीत होती. शिवाय संच पारखणारी संस्था त्याच शहरात होती आणि संकटामुळे ग्राहक, म्हणजे सारा देश, वाट पाहत उभा होता. एरवी परवान्यांच्या आणि खरेदीच्या रांगेत ज्या वस्तूचे वर्ष-वर्ष जाते, तिला या वेळी वाट मोकळी मिळाली.

अवकाशक्षेत्रातही हेच दिसते. २०२० मध्ये सरकारने ते खासगी उद्योगांना खुले केले. हैदराबादच्या स्कायरूटचे ‘विक्रम-एस’ १८ नोव्हेंबर २०२२ रोजी झेपावले. मद्रास आयआयटीच्या आवारात वाढलेल्या अग्निकुलने ३० मे २०२४ रोजी त्रिमितीय मुद्रणाने एकसंध घडविलेल्या इंजिनावर आपले यान उडविले. दोन्ही उड्डाणे श्रीहरिकोट्याहून झाली. इस्रोने अनेक दशकांत उभारलेल्या सुविधा आणि घडविलेली माणसे नसती, तर एवढ्या अल्पावधीत हे अशक्यप्राय होते.

सरकारने काही अडसर दूर केले आहेत. नवउद्योगाच्या समभागांवर मिळालेल्या जादा रकमेला उत्पन्न मानणारा, ‘एंजल टॅक्स’ म्हणून बदनाम झालेला कर २०१२ मध्ये आला होता. २०२४ च्या अर्थसंकल्पात तो रद्द झाला. सरकारी निविदांत पूर्वानुभवाच्या अटीतून नवउद्योगांना सूटही मिळते. परंतु सूट कागदावर असणे आणि खरेदी अधिकाऱ्याने अननुभवी कंपनीच्या नावापुढे सही करणे, यांत अंतर आहे. वस्तू फसली तर जाब त्याला द्यावा लागतो. त्या काळच्या कुणब्याची भीती आज त्याच्या खुर्चीत येऊन बसली आहे.

आणि ती आपल्या घरांतही आहे. मुलाने अथवा मुलीने नोकरी सोडून काही करावयाचे म्हटले की प्रथम हप्त्यांचा विषय निघतो, आणि तो निघणे अगदी रास्त आहे; घराचे कर्ज कोणाच्या ध्येयवादाने फिटत नाही. मात्र याच घरांतील कोणी सहकारी बँकेत संचालक असतो, कोणी शाळेच्या कार्यकारिणीत, कोणी रुग्णालयाच्या विश्वस्त मंडळात. तेथे दरवर्षी खरेदी होते. हिशेबाची आज्ञावली, प्रयोगशाळेचे उपकरण, पाणी शुद्ध करणारे यंत्र घ्यावे लागते. गावातल्या दोन-तीन तरुणांनी केलेले असे एखादे यंत्र महिनाभर वापरून पाहावे, त्यातील दोष लेखी कळवावेत, आणि ते दुरुस्त होऊन आल्यावर रोख पैसे देऊन एक नग घ्यावा, एवढा ठराव पुढच्या बैठकीत मांडता येण्याजोगा आहे.