प्लास्टर निघालं म्हणजे उपचार संपला असं नाही

(८ सप्टेंबर हा जागतिक फिजिओथेरपी दिन. त्यानिमित्त कळंब येथे महासंघाच्या मासिक बैठकीत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं हे भाषण. ज्या सदस्यांना बैठकीला येता आलं नाही, त्यांच्यासाठी इथे देत आहोत.)



बचतीचा हिशेब झाला, कर्जाच्या अर्जांवर सह्या झाल्या. अध्यक्षताईंनी मला पंधरा मिनिटं दिलीत. दर वेळी मी हप्ता, व्याज, रजिस्टर असंच बोलते. आज मी तुमच्या कमरेबद्दल, गुडघ्याबद्दल आणि खांद्याबद्दल बोलणार आहे.

मागच्या महिन्यात एका गटात मी विचारलं, "कुणाकुणाचं अंग दुखतंय, हात वर करा बघू." तर एक मावशी म्हणाल्या, "पोरी, हात वर करायला सांगतीस, पर खांदाच वर जात न्हाई की माझा!" सगळ्या खळखळून हसल्या. मीही हसले. पण गाडीवरून घरी जाताना मनात आलं, की त्या मावशींचा हात सहा महिने वर जात नव्हता आणि आपल्या एकाही बैठकीत ते कुणाला कळलं नव्हतं. हप्ता एक दिवस चुकला असता तर मात्र लगेच कळलं असतं.

नुकताच पोळा झाला. आदल्या दिवशी आपण बैलांची खांदेमळणी केली, हळद-तूप लावून त्यांचे खांदे चोळले. वर्षातून एकदा का होईना, बैलाच्या खांद्याची आठवण होते. आणि बैल लंगडला तर आपण काय करतो? लगेच औताला जुंपत नाही. चार दिवस दावणीला ठेवतो. मग मोकळा फिरवतो, मग रिकामी गाडी, मग थोडं ओझं आणि शेवटी औत. त्याला कायमचा बांधून ठेवत नाही आणि दुसऱ्याच दिवशी जुंपतही नाही. फिजिओथेरपी म्हणजे काय ते एवढ्यातच आलं. फक्त हे शहाणपण आपण बैलासाठी वापरतो, स्वतःसाठी वापरत नाही.

आता माझ्या घरची गोष्ट सांगते.

मी समाजकार्याच्या शेवटच्या वर्षाला होते. पावसाळ्यात आमची आई न्हाणीजवळच्या ओल्या फरशीवर घसरली. हातावर पडली, मनगटाचं हाड मोडलं. एका दवाखान्यात प्लास्टर घातलं, सहा आठवड्यांनी काढलं. "झालं, आता जा घरी," एवढंच सांगितलं. बोटं हलवा, मनगट वळवा, परत दाखवायला या, असं कुणीच सांगितलं नाही. मनगट वाळल्यासारखं बारीक झालेलं, कातडी कोरडी, बोटं सुजलेली. आईला वाटलं, हाड नाजूक आहे, हलवलं तर परत मोडेल. म्हणून तिनं तो हात छातीशी धरून ठेवला.

मी दिवाळीला घरी आले तर भाकरी काकू करत होत्या. आईचा हात पदराखाली. मी विचारलं तर म्हणाली, "काही नाही गं, थोडं आखडलंय." भाकरी थापताना तळवा सपाट ठेवून मनगट मागं वळवावं लागतं. ते तिला जमतच नव्हतं. नळ फिरवता येत नव्हता, म्हशीची धार काढता येत नव्हती, स्वतःची वेणी घालता येत नव्हती. आणि मी? मी परीक्षेत 'पुनर्वसन' या विषयावर चार पानं लिहून आले होते, पण फोनवर रोज बोलत असूनही आईचा हात मला दिसला नव्हता.

मग आम्ही तिला जिल्ह्याच्या ठिकाणी फिजिओथेरपीच्या मॅडमकडे नेलं. त्यांनी कोनमापकासारख्या पट्टीनं मनगट किती वळतं ते मोजून लिहून ठेवलं. कोमट पाण्यात हात बुडवून मनगट वर-खाली करायचं, तळवा आकाशाकडे आणि मग जमिनीकडे करायचा, ओला स्पंज दाबून पिळायचा. दिवसातून चार-पाच वेळा, दर वेळी थोडंच. पहिले आठ दिवस आई रडली. तिसऱ्या आठवड्यात नळ फिरला. दीड महिन्यानं वेणी आली. आणि एक दिवस तिनं एक भाकरी थापली, लहानशी, कडेला फाटलेली. त्या भाकरीचा फोटो माझ्या फोनमध्ये अजून आहे.

पण खरं ते सांगते. आईचं मनगट आजही पूर्ण वळत नाही. तीन महिने वाया गेले ते गेलेच. सुरुवातीलाच कुणी सांगितलं असतं तर ही कसर राहिली नसती, असं त्या मॅडम म्हणाल्या. म्हणून मी आज इथे उभी आहे.

हालचालीनं नेमकं होतं काय?

सांध्याच्या आत तेलासारखा एक पातळ रस असतो. हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत कुर्चेला त्यातूनच पोषण मिळतं आणि सांधा हलला की तो रस सगळीकडे पोचतो. सांधा हलवलाच नाही तर भोवतीचं आवरण आखडतं. स्नायूंचंही तसंच. वापरले नाहीत तर काही आठवड्यांतच बारीक होतात. म्हणून तर प्लास्टरमधून निघालेला हात वाळका दिसतो. आणि जखम भरून आली तरी मेंदू घाबरलेलाच असतो, तो हलू देत नाही. रोज थोडी, न दुखावणारी हालचाल केली की मेंदूची ती भीती हळूहळू जाते.

बऱ्याचजणींना वाटतं, फिजिओथेरपी म्हणजे मशीनचा शेक. शेकानं तेवढ्यापुरतं बरं वाटतं, वाटू द्या. पण मुख्य औषध व्यायाम आहे आणि तो घरी, रोज, आपल्याला स्वतःलाच करावा लागतो. दुखलं की इंजेक्शन, परत दुखलं की गोळी, असं महिनोन्‌महिने चाललं तर पोट आणि मूत्रपिंड बिघडतं. दुखणं तिथल्या तिथेच राहतं.

"आम्ही दिवसभर वाकतोच की!"

हे मला प्रत्येक गावात ऐकायला मिळतं. "बाई, खुरपायला वाकतो, पाण्याला जातो, आणि आजून कसला व्यायाम?" मावशी, तुमचे कष्ट मला दिसतात. पण कष्ट म्हणजे व्यायाम नव्हे. कष्टात तेच तेच स्नायू झिजतात. खुरपताना पाठ एकाच बाजूला, पुढं वाकलेली. उसाची मोळी डोक्यावर, मान दबलेली. व्यायामात आपण उलट करतो. जो स्नायू दुबळा पडलाय त्याला बळ देतो, जो आखडलाय त्याला सैल करतो.

आता सोयाबीन शेंगेला आलंय. काढणी सुरू झाली की मी सांगते तेवढं करा. दर अर्ध्या तासानं उभ्या राहा, दोन्ही हात कमरेवर ठेवा आणि पाच-सहा वेळा हळूच मागं झुका. कट्टा एकटीनं उचलू नका, दोघी मिळून उचला. उचलताना कमरेतून वाकू नका. गुडघे वाकवा आणि ओझं अंगाशी धरा. कंबर धरलीच तर एक-दोन दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नका. पडून राहिलं की कंबर अजून कमजोर होते. घरातल्या घरात चालत राहा.

गुडघेदुखीला एक सोपा व्यायाम. पाय लांब करून बसा, गुडघ्याखाली चादरीची गुंडाळी ठेवा. गुडघ्यानं ती खाली दाबा, पाच आकडे मोजा, सोडा. असं दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. मांडीचा स्नायू बळकट झाला की गुडघ्यावरचा भार कमी होतो. खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठणं आणि बसणं, हाही चांगला व्यायाम आहे.

किती दुखलं तर चालेल? थोडं दुखलं आणि काही वेळात थांबलं तर हरकत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी जास्त दुखलं तर व्यायाम निम्मा करा. कळ आली, सूज आली तर थांबा आणि विचारा.

आणखी एक, जे आपण एकमेकींनाही सांगत नाही. खोकलं, शिंकलं, ओझं उचललं की थोडी लघवी होते. बाळंतपणांनंतर अनेकजणींना हे होतं. "वयच झालं" म्हणून आपण फडकी वापरतो आणि लग्नकार्याला जाणं बंद करतो. यालाही व्यायाम आहे. लघवी रोखताना जे स्नायू आवळतो ते आवळायचे, पाच मोजायचे, सोडायचे. दहा वेळा, दिवसातून तीनदा. मात्र लघवी करत असताना नाही. फरक पडायला तीन महिने लागू शकतात. बसल्या जागी करता येतो, कुणाला कळतही नाही. आत्ता इथेही कुणी करत असेल!

हे मात्र करू नका, आणि इथे थांबू नका

ताज्या दुखापतीवर जोरानं चोळू नका. हाड मोडल्यावर कामट्या घालून करकचून बांधू नका. बांधल्यावर किंवा प्लास्टरनंतर बोटं निळी, गार, बधिर पडली किंवा दुखणं सहन होईना, तर त्याच वेळी दवाखान्यात जा. सकाळची वाट बघू नका.

कंबरदुखीबरोबर पायातली ताकद गेली, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, लघवी-संडासवरचा ताबा सुटला, ताप आला किंवा वजन उतरत गेलं, तर व्यायाम करत बसू नका. आधी डॉक्टर.

तोंड वाकडं झालं, एक हात पडला, बोबडं बोलायला लागलं की तो लकवा. १०८ ला फोन करा. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं. कबुतराचं रक्त चोळण्यात ते तास घालवू नका. नंतर चालणं, हात उचलणं परत शिकायला फिजिओथेरपी लागते. त्या काळात पडलेला हात ओढून उठवू नका, खांदा निखळतो.

हे काही मोठ्या लोकांचं फॅड नाही

१९५२ साली मुंबईत पोलिओची मोठी साथ आली. लेकरं जगली, पण पाय लुळे पडले. त्यांना उभं करणार कोण? त्या गरजेतून १९५३ साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात फिजिओथेरपी शिकवणारी देशातली पहिली शाळा निघाली. पुढे लस घरोघर पोचली आणि २०१४ च्या मार्चमध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. पण त्या काळातली काठी घेऊन चालणारी माणसं आपल्या गावांत अजून आहेत.

आणि आपल्या भागाला ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट कुणी सांगायला नको. किल्लारी-सास्तूरच्या भूकंपात सुमारे दहा हजार माणसं गेली. गेलेल्यांची आठवण आपण दर वर्षी काढतो. पण ढिगाऱ्याखालून निघालेली, कमरेला आणि पायाला मार बसलेली जी माणसं वाचली, त्यांना परत चालायला किती दिवस लागले, हे कुणी फारसं विचारत नाही. जीव वाचणं आणि परत कामाला लागणं यांच्यामध्ये मोठं अंतर असतं. ते अंतर रोजच्या व्यायामानं कापावं लागतं.

गटानं काय करायचं?

आईला मी विचारलं होतं, "तू परत दाखवायला का गेली नाहीस?" ती म्हणाली, "म्हशीला कोण बघणार? आणि एकटी कशी जाऊ?" हाताचं दुखणं तिनं त्या दोन प्रश्नांपुढं गिळलं. हे दोन्ही प्रश्न गट सोडवू शकतो. म्हणून माझ्या चार विनंत्या आहेत.

एक. दर बैठकीत हप्त्याच्या आधी विचारा, "कुणाचं प्लास्टर चालू आहे? कुणाचा हात-पाय आखडलाय?"

दोन. अशा बाईबरोबर एकजण दवाखान्यात जाईल आणि एकजण तिची जनावरं बघेल, हे बैठकीतच ठरवा. एसटीत आपल्याला अर्धं तिकीट आहे. आधी कळंबच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा धाराशिवच्या सरकारी रुग्णालयात चौकशी करा.

तीन. डॉक्टरांना हे पाच प्रश्न विचारल्याशिवाय उठू नका. कोणती हालचाल करू? दिवसातून किती वेळा? किती दिवस? काय टाळू? परत कधी येऊ? प्लास्टर घालतानाही विचारा आणि काढतानाही विचारा. प्लास्टर असतानासुद्धा बोटं, कोपर, खांदा हलवता येतो. लिहिता येत नसेल तर सीआरपी ताईंना बरोबर न्या.

चार. घरी सांगा, की ही दहा मिनिटं माझी आहेत. सासूबाईंनी सुनेला द्यावीत, सुनेनं सासूबाईंना. "रिकामी बसली" असं कुणी म्हणायचं नाही. ती औषध घेतेय.

शेवटी त्या खांद्याच्या मावशींचं सांगते. त्यांना साखरेचा त्रास आहे आणि साखर असली की खांदा आखडण्याचं प्रमाण जास्त असतं. गटातल्या दोघीजणी त्यांना घेऊन गेल्या. आता त्या रोज भिंतीवर बोटं चालवत हात वर नेतात आणि जिथवर पोचला तिथे कोळशानं रेघ मारतात. हात अजून कानाला लागत नाही, वेळ लागेल. पण डोक्यावरून पदर त्यांचा त्यांना घेता येतो.

चला, आता सगळ्याजणी उभ्या राहा. हात कमरेवर. हळूच मागं. एक... दोन...

जय जिजाऊ, जय सावित्री!