‘झेपेल का?’ नको, ‘काय लागेल?’ विचारा

हेडफोन लावलेत ना? चला, सुरू करूया.

या आठवड्यात एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. नाशिकला एका छोट्या कंपनीत अकाउंट्सला आहे तो. म्हणतो, "आमच्याकडे एका दृष्टिहीन मुलीचा अर्ज आलाय. बीकॉम झालीय, मार्क चांगले आहेत. साहेब म्हणतात, पुण्याचं काम आहे, पण आपल्याला परवडणार नाही. मी काय बोलू?"

मला त्यातला ‘पुण्य’ हा शब्दच खटकला. नोकरी देणं म्हणजे दान नाही. कामाला माणूस हवाय आणि माणसाला काम हवंय, एवढा साधा व्यवहार आहे.

मुंबईचं उदाहरण घ्या. २००९ च्या सुमारास ध्रुव लाकरा यांनी ‘मिरॅकल कुरिअर्स’ सुरू केली. तिथे पाकिटं पोचवणारी मुलं कर्णबधिर. आता विचार करा, कुरिअरच्या कामाला लागतं काय? पत्ता वाचणं, रस्ते लक्षात ठेवणं, सही घेणं. ऐकणं फारसं लागतच नाही! निरोप एसएमएसवर. म्हणजे त्यांनी आधी कामाचे तुकडे पाडून पाहिले आणि मग माणूस शोधला. आपण नेमकं उलटं करतो. आधी माणसात काय नाही ते बघतो.

आता त्या मुलीचं बघू. दिसत नाही, मग एक्सेल कसं करणार? स्क्रीन रीडरने. स्क्रीनवरचं सगळं तो वाचून दाखवतो आणि माऊसऐवजी कीबोर्डने काम होतं. एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर तर फुकट आहे, ऑस्ट्रेलियातल्या दोन दृष्टिहीन तरुणांनी बनवलेला. मग साहेबांना न परवडणारं यात काय आहे? एक अडचण मात्र खरी आहे. बिलाचा नुसता फोटो पाठवला तर तो तिला नीट वाचता येईलच असं नाही. फाइल नीट पाठवावी लागेल, नाव नीट द्यावं लागेल, सूचना लिहून द्याव्या लागतील.

आणि गंमत इथेच आहे. ही शिस्त लागली की फायदा अख्ख्या ऑफिसचा होतो. ‘फायनल_नवीन_खरंच फायनल’ अशा फायली शोधण्यात तुमचाही वेळ जातोच की! रॅम्पचंही तसंच. व्हीलचेअरसाठी बांधला, तरी ट्रॉली ढकलणारा आणि गुडघे दुखणारी आजी दोघंही तिथूनच जातात. सबटायटल कर्णबधिरांसाठी महत्त्वाची, पण गर्दीच्या लोकलमध्ये आवाज बंद करून व्हिडिओ बघताना ती तुम्हीही वाचताच.

अजून एक. "दिव्यांग कर्मचारी नोकरी सोडत नाहीत" असं कौतुकाने सांगतात. बऱ्याचदा त्यामागे दुसरीकडची बंद दारं असतात. म्हणून त्यांना कमी पगारात राबवणं हा फायदा नाही, ती लूट आहे. सारखं काम, सारखा पगार, सारखं प्रमोशन. आणि काम चुकलं तर बोलणीही सारखीच!

कायदा काय म्हणतो? दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६. अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झाले, सरकारी नोकऱ्यांत किमान ४ टक्के जागा राखीव झाल्या. खाजगी कंपन्यांवर आरक्षणाची सक्ती नाही, पण समान संधीचं धोरण त्यांनीही जाहीर करायचं आहे. तुमच्या कंपनीचं आहे का? एचआरला विचारून बघा.

तर मित्रा, साहेबांना एवढंच सांग: "झेपेल का हे आपण ठरवू नका. तिला इंटरव्ह्यूला बोलवा आणि विचारा, तुला काय लागेल? बाकीच्यांना देता तीच टेस्ट द्या. जमली तर घ्या, नाही जमली तर नका घेऊ." दया नको, सूटही नको. संधी हवी.

आणि बाकीच्यांना गृहपाठ! अँड्रॉइड असेल तर सेटिंग्जमध्ये टॉकबॅक चालू करा, आयफोनवर व्हॉइसओव्हर. डोळे मिटा आणि एक मेसेज पाठवून बघा. आधीच सांगतो, आता बटण एकदा निवडायचं आणि मग दोनदा टॅप करायचं. पहिल्यांदा गोंधळ उडेल. रोज वापरणारी माणसं ते किती झपाट्याने करतात, ते मग कळेल.

कसं झालं ते व्हॉइस मेसेजने कळवा. भेटू पुढच्या भागात!