उरलेल्या लोकरीची शाल

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या दिवशी मला चार शब्द बोलावयास सांगितले, तेव्हा मी चिटणीसबाईंना म्हटले, "अहो, मला विणता येते, बोलता येत नाही." त्यावर त्या म्हणाल्या, "मग विणण्यावरच बोला." तेव्हा विषय त्यांचा आहे. बोलणे बरे वाटले तर श्रेय त्यांचे, आणि मध्येच टाके सुटले तर ते माझे.

आपल्यापैकी बहुतेकींच्या कपाटात किंवा माळ्यावर एक पिशवी असते. नातवाच्या झबल्यातून उरलेला पिवळा गुंडा, यजमानांच्या बिनबाह्यांच्या स्वेटरचा राखी, कोणाच्या तरी कानटोपीचा लाल, असे दहा-वीस गुंडे तीत पडलेले असतात. ते फेकवत नाहीत आणि एकटा गुंडा कशालाच पुरत नाही. दिवाळीच्या साफसफाईत पिशवी खाली येते. आपण ती उघडतो, हळहळतो, आत कडुलिंबाची सुकी पाने टाकतो आणि पुन्हा वर ठेवून देतो. त्या पिशवीचे काय करावे, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

अशा उरलेल्या लोकरीची माझी ओळख जुनी आहे. १९६२ साली चीनने आपल्यावर आक्रमण केले, तेव्हा मी दहा-अकरा वर्षांची असेन. त्या थंडीत गावोगावच्या बायका जवानांसाठी स्वेटर, मफलर आणि मोजे विणत होत्या. आमची आई ज्या मंडळात जाई तेथे लोकर तोलून देत आणि विणलेला कपडा तोलून परत घेत. आईचा एक स्वेटर पुरा झाला आणि आवळ्याएवढा खाकी गुंडा उरला. मला माझ्या बाहुलीसाठी टोपी हवी होती. मी हट्ट धरला, रडलेसुद्धा. आई म्हणाली, "ती आपली नव्हे गं, जवानांची आहे." दुसऱ्या दिवशी तो एवढासा गुंडा तिने मंडळात नेऊन दिला. तेथे असे पुष्कळ गुंडे जमले होते. पुढे त्या बायकांनी त्यांची क्रोशाने एक शाल केली आणि मंडळाची झाडलोट करणाऱ्या मावशींना दिली. मावशींचा मुलगा फौजेत होता. उरलेल्या वस्तूलाही मालक असतो, हे मी त्या दिवशी शिकले. शिकले खरे, पण पुढे विसरले. ते कसे, हे ओघाने सांगेन.

उरलेल्या लोकरीला क्रोशाच का, असे कोणी विचारील. दोन सुयांच्या विणकामात ओळीतले सगळे टाके सुईवर असतात. एक निसटला की खालपर्यंत शिडी उसवत जाते. क्रोशात सुईवर बहुधा एकच फास असतो. त्यामुळे वाटेल तेथे रंग बदलता येतो आणि लोकर संपेल तेथे थांबता येते. लोकर मात्र क्रोशाला अधिक खर्ची पडते, म्हणून नवी विकत आणून करणारीला तो महाग वाटतो. पण आपल्याला तर साठलेली लोकर संपवावयाचीच आहे!

शिवाय ही कला मुळातच गरिबाघरची आहे. क्रोशे या फ्रेंच शब्दाचा अर्थ लहानसा आकडा. एक आकडा आणि थोडा दोरा, एवढेच तिचे भांडवल. आयर्लंडमध्ये १८४५ पासून काही वर्षे बटाट्याचे पीक बुडाले आणि भीषण दुष्काळ पडला, तेव्हा तेथील कितीतरी बायकांनी क्रोशाची लेस करून घरे सावरली. आपल्याकडेही, आपली ही नाशिकची गोदावरी आंध्रात जेथे समुद्राला मिळते त्या भागात, नरसापूरच्या आसपास, एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी बायकांना क्रोशाची लेस शिकविली. ते काम तेथे आजही चालते. आणि अगदी अलीकडे, २०१६ साली, चेन्नईत पुष्कळ बायकांनी आपापले क्रोशाचे तुकडे जोडून ११,१४८.५ चौरस मीटरांची चादर केली आणि जगातील सर्वांत मोठी म्हणून तिची गिनीज बुकात नोंद झाली. ती पुढे सुटी करून गरजूंना पांघरुणे म्हणून देण्याचा त्यांचा संकल्प होता, हे मला विक्रमापेक्षा मोलाचे वाटते.

आता माझी फजिती ऐका.

काही वर्षांपूर्वी आपण ठरविले की, पिशव्यांतली लोकर काढून शाली करावयाच्या आणि गावाबाहेरच्या एका वृद्धाश्रमात द्यावयाच्या. आपल्या जिल्ह्यातली थंडी मी तुम्हांला काय सांगू! निफाडचा पारा खाली उतरला की द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात. मी आठ दिवसांत शाल पुरी केली. हाताला येईल तो गुंडा घेतला. जाड-बारीक पाहिले नाही, संपला तेथे गाठ मारली आणि पुढचा जोडला. शाल दिसावयास मोठी झोकदार झाली. आपण सगळ्या गेलो, शाली वाटल्या, फोटो काढले आणि चहा घेऊन परत आलो.

दोन महिन्यांनी माझे तिकडे पुन्हा जाणे झाले. माझी शाल एका आजींच्या खाटेच्या पायथ्याशी घडी करून ठेवलेली होती. उघडून पाहते तो काय! धुण्याच्या गरम पाण्यात खऱ्या लोकरीचे पट्टे आटून घट्ट झाले होते आणि बाकीचे होते तसेच राहिले होते. सगळी शाल भाजलेल्या पापडासारखी वेडीवाकडी झालेली. एक गाठ सुटून भोक पडलेले, आणि उरलेल्या गाठी पाठीला टोचणाऱ्या. मी ओशाळले. आजी मात्र रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "रंग छान आहेत हो. पण ही विणलीत कोणासाठी?"

मी म्हटले, "तुमच्याचसाठी, आजी."

त्या हसल्या आणि म्हणाल्या, "माझ्यासाठी विणली असतीत, तर आधी मला भेटला असतात."

मग त्यांनी हात वर करून दाखविला. तो खांद्याच्या वर जातच नव्हता. एवढी मोठी शाल पाठीवरून ओढून घेणे त्यांना जमत नसे. काठी घेऊन चालताना तिचे टोक पायांत येई आणि जाळीच्या भोकांत बोटे अडकत. यांतले काहीच मी विचारले नव्हते. भगिनींनो, लोकर उरलेली होती हा दोष नव्हे. ती देताना माझे लक्षही उरलेसुरलेच होते, हा दोष. आईने आवळ्याएवढा गुंडा परत नेऊन दिला होता, आणि मी अर्धा किलो लोकर मालकाला न विचारता खर्च करून बसले होते!

त्या दिवशी मी आजींचे माप घेतले आणि घरी येऊन नव्याने आरंभ केला. त्या दुसऱ्या शालीने जे शिकविले ते आता क्रमाने सांगते. ज्यांना टिपून घ्यावयाचे असेल त्यांनी टिपून घ्यावे.

पहिले काम निवडण्याचे. आपण दुकानातून आणतो त्या सगळ्याच धाग्याला लोकर म्हणतो, पण त्यातला पुष्कळसा अ‍ॅक्रिलिकचा असतो. कागदी पट्टी हरवली असेल तर वीतभर धागा चिमट्यात धरून, खाली पाण्याचे भांडे ठेवून, त्याला काडी लावा. खरी लोकर हळू जळते, केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटाने चुरडते. अ‍ॅक्रिलिक वितळते आणि त्याचा कडक मणी होतो. या दोन्हींचे ढीग निराळे करा आणि एका शालीत दोन्ही कधीही घालू नका. आजींसाठी मी सगळे अ‍ॅक्रिलिक घेतले, कारण तेथे रोजचे धुणे यंत्रात होते आणि खऱ्या लोकरीचे लाड करावयास कोणाला सवड नाही.

त्यानंतर जाडी पाहा. बारीक धागा दुहेरी घेतला की जाड धाग्याच्या जोडीला बसतो. दोन्हींचे चार-चार टाके घालून शेजारी शेजारी ताडून पाहिले म्हणजे फसगत होत नाही. लाल, जांभळा असे गडद रंग ओल्या पांढऱ्या फडक्यात दाबून ठेवा. रंग सुटला तर तो गुंडा बाजूला काढा.

तिसरे काम तोलण्याचे. स्वयंपाकघरातला लहान काटा येथे फार उपयोगी पडतो. खांद्यावरच्या त्रिकोणी शालीला साधारण अडीचशे-तीनशे ग्रॅम लागते, आणि अंगभर शालीला साडेचारशे-पाचशे. ओळ घालण्यापूर्वी व घातल्यानंतर गुंडा तोलला की एका ओळीला किती लागले ते कळते. पुढची ओळ त्याहून थोडी अधिक घेणार, हे ध्यानात ठेवून उरलेला गुंडा पुरेल की नाही ते आधीच ठरवा. ओळीच्या मध्येच रंग संपला की काम उरल्यासुरल्याचे दिसू लागते. ओळीच्या टोकाला बदलला की तोच मुद्दाम योजलेला दिसतो.

रंगांविषयी माझा एकच नियम आहे. कोणताही एक रंग, राखी किंवा तपकिरी, भरपूर असेल तो, दर तीन-चार ओळींनी फिरून येऊ द्यावा. मग पिवळ्या-जांभळ्याचेही भांडण मिटते.

आता आकार. उरलेल्या लोकरीला गळ्याच्या मागच्या मध्यापासून वाढत जाणारा त्रिकोण सर्वांत सोयीचा, कारण लोकर संपेल तेथे शाल पुरी करता येते. चार साखळ्यांचे कडे करून त्यात तीन खांब, दोन साखळ्या आणि पुन्हा तीन खांब घाला. पुढच्या प्रत्येक ओळीत दोन्ही टोकांना तीन-तीन खांबांचा झुबका, मधल्या साखळीच्या जागेत पुन्हा तीन खांब, दोन साखळ्या, तीन खांब, आणि बाकीच्या प्रत्येक फटीत तीन खांबांचा एक झुबका घालावा. झुबक्यांच्या मध्ये साखळी घालू नये, म्हणजे भोके लहान राहतात आणि म्हातारी बोटे अडकत नाहीत. नेहमीपेक्षा एक नंबर मोठी सुई घ्या. शाल मऊ पडते, फळीसारखी उभी राहत नाही. काठासाठी एकंदर वजनाचा दहावा हिस्सा आधीच बाजूला काढून ठेवा. गळ्याच्या बाजूला मुक्या खांबांच्या दोन ओळी घातल्या म्हणजे ती ताणून लोंबत नाही.

आणि गाठी! मारावयाच्या नाहीत. दोन्ही धाग्यांची वीतभर टोके सोडा आणि काम झाल्यावर जाड सुईत ओवून एकदा इकडून, एकदा तिकडून, टाक्यांच्या पोटातून फिरवा. हे कंटाळवाणे काम आहे खरे. माझ्या दुसऱ्या शालीला त्यासाठी दोन दुपारी लागल्या. परंतु पाठीला टेकते ती उलटी बाजू, आणि पांघरणाऱ्याला ती आधी कळते.

धुण्याबद्दल थोडक्यात. खरी लोकर थंड पाण्यात, रिठ्याच्या फेसात धुवावी, पिळू नये आणि सावलीत आडवी पसरून वाळवावी. अ‍ॅक्रिलिकला गरम इस्त्री दाखवू नये, नाहीतर त्याचा जीवच जातो आणि ते कायमचे मरगळते. शाल देताना या सूचना मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून बरोबर द्या, कारण धुणारे हात निराळे असतात.

आजींची दुसरी शाल कमरेपर्यंतच केली. पुढे मोठे लाकडी बटण लावले, म्हणजे बसल्या बसल्या एका हाताने लावता येईल. नेऊन दिली, तेव्हा त्यांनी आधी ती उलटी करून पाहिली. गाठ शोधीत होत्या! सापडली नाही तेव्हा अंगावर घेतली आणि म्हणाल्या, "आता माझी झाली." माझ्या विणकामाला आजवर मिळालेल्या बक्षिसांत हे मी सर्वांत वरचे मानते.

त्या आजी गेल्या वर्षी गेल्या. शेजारच्या खाटेवरच्या बाईंना त्यांनी आधीच सांगून ठेवले होते की, माझ्यामागे शाल तू घे. परवा गेले तेव्हा ती त्यांच्या खांद्यावर होती. बटण थोडे सैल झाले होते, तेवढे लावून दिले.

तेव्हा या वर्धापनदिनी माझी मंडळाला एक सूचना आहे. पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपली पिशवी घेऊन यावे. येथे बसून आपण ढीग निवडू, तोलू, वहीत लिहू. पण सुई हातात घेण्यापूर्वी प्रत्येकीने, आपण जिच्यासाठी विणणार तिला एकदा जाऊन भेटावे. हात कुठवर वर जातो, रंग कोणता आवडतो, थंडी पाठीत भरते की गुडघ्यांत, हे विचारावे. कदाचित तिला शाल नको असेल, पायमोजे हवे असतील. तर पायमोजे करू. फोटो नंतर काढता येतील, आणि नाही काढले तरी चालेल.