रंग किती लागतील?



एका अमर्याद सपाट पृष्ठाचा प्रत्येक बिंदू आपल्याला रंगवावयाचा आहे. अट एकच: बरोबर एक हात अंतरावरील दोन बिंदू एकाच रंगाचे नसावेत. कमीत कमी रंग किती लागतील? १९५० साली एडवर्ड नेल्सन या अमेरिकन विद्यार्थ्याला हा प्रश्न सुचला.

दोन पुरत नाहीत. एक हात बाजूच्या समभुज त्रिकोणालाच तीन लागतात. तीन पुरतात असे क्षणभर धरू. असे दोन त्रिकोण एका बाजूने जोडले, की त्यांची दूरची टोके एकाच रंगाची ठरतात. आता एक टोक स्थिर ठेवून आकृती फिरवू. दुसरे टोक जे वर्तुळ काढील, ते सारे एकरंगी. पण त्यावर एक हात अंतराचे दोन बिंदू सापडतातच! म्हणजे तीनही अपुरे.

उलट, षटकोनी फरश्या योग्य रीतीने मांडल्या तर सात खात्रीने पुरतात.

पुढे २०१८ साली ऑब्रे डी ग्रे या वार्धक्याच्या अभ्यासकाने १५८१ बिंदूंची आकृती रचून चारही अपुरे ठरविले. पाच, सहा की सात, हे अजून कोणासही ठाऊक नाही. गणितात आता शोधावयाचे काही उरले नाही, असे मुलांना वाटू लागले, तर आपण त्यांच्यापुढे हा प्रश्न ठेवावा.