वाटेत अडकलेला प्रवासी

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे शब्दांकन)



१९६७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका लहानशा प्रयोगाची हकिगत आजच्या विषयास उपयुक्त ठरावी. जेम्स ब्रायन आणि मेरी ॲन टेस्ट या संशोधकांनी लॉस एंजेलिसमधील एका रस्त्यावर एक मोटार उभी करविली. तिचे एक चाक बसलेले, स्टेपनी बाजूला टेकवून ठेवलेली आणि शेजारी एक तरुणी उभी. जवळून दोन हजार वाहने गेली. मदतीसाठी थांबली ती ३५. याच प्रयोगाच्या दुसऱ्या भागात त्या मोटारीच्या थोडे अलीकडे आणखी एक मोटार ठेवण्यात आली. तेथे एक गृहस्थ दुसऱ्या एका स्त्रीला चाक बदलून देत असल्याचे दृश्य येणाऱ्यांच्या नजरेस पडे. ते पाहून पुढे आलेल्या दोन हजार वाहनांपैकी ५८ थांबली. रस्ता तोच, अडचण तीच. फक्त मदत करणारा कोणीतरी आधी डोळ्यांनी दिसला होता. अर्थात दोन हजारांत ५८ ही संख्याही अभिमानाने सांगावी अशी नव्हे.

दुसरा प्रयोग १९७३ चा, प्रिन्स्टन येथील. डार्ली आणि बॅटसन यांनी धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना शेजारच्या इमारतीत जाऊन छोटे भाषण देण्यास सांगितले. काहींना तर वाटेत जखमी पडलेल्या परक्या माणसाला मदत करणाऱ्याची बायबलमधील कथा हाच विषय दिला होता. मार्गात एक मनुष्य दाराशी कण्हत बसविलेला होता. ज्यांना सवड होती त्यांच्यापैकी ६३ टक्के त्याच्यापाशी थांबले. ‘उशीर झाला आहे, त्वरा करा’ असे ज्यांना सांगितले होते, त्यांच्यापैकी अवघे १० टक्के. भाषणाचा विषय कोणता, याने म्हणावा तसा फरक पडला नाही. उपदेश मुखोद्गत होता, परंतु घड्याळ त्याहून बलवत्तर ठरले.

हे ऐकून परदेशातील त्या विद्यार्थ्यांना हसण्याचे कारण नाही. सूर्यास्तापूर्वी मुक्कामी पोहोचून भोजन उरकायचे म्हणून महामार्गावर सायंकाळी वेग वाढविणारी कुटुंबे जैन समाजात थोडी नाहीत. रात्रिभोजनत्यागाचा नियम निष्ठेने पाळणारा श्रावक त्याच घाईत कडेला हात करणाऱ्याला मागे टाकून जातो, आणि आपण काही टाळले याची त्याला जाणीवही नसते. दोन्ही पाळायचे असतील तर अर्धा तास आधी निघणे एवढाच उपाय आहे.

पूर्वी खंडाळ्याच्या किंवा कसाऱ्याच्या घाटात रेडिएटर उकळून उभ्या राहिलेल्या मोटारीला पाण्याचा डबा देण्यासाठी मागचा ट्रकवाला सहज थांबे. वेगच कमी असल्याने थांबण्यात धोका नव्हता. शहरात आजही पेट्रोल संपलेल्या स्कूटरला मागून पाय लावून पंपापर्यंत ढकलत नेणारा अनोळखी तरुण दिसतो (ही पद्धत धोक्याची, तरी भावना नाकारता येत नाही). २००२ साली पूर्ण झालेल्या मुंबई–पुणे द्रुतगती मार्गासारख्या रस्त्यांनी मात्र परिस्थिती पालटली. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे २८ मीटर अंतर कापते. लाल परावर्तक त्रिकोण बंद मोटारीमागे दहा पावलांवर ठेवला, तर त्रिकोण आणि मोटार यांत जेमतेम पाव सेकंदाचे अंतर राहते. तो शंभर पावले मागे ठेवला पाहिजे, आणि ठेवण्यास जाणाऱ्याने कडेकडेने, समोरून येणाऱ्या वाहनांकडे पाहत चालले पाहिजे.

अशा ठिकाणी मदत याचा अर्थ बदलतो. मदतीस येणाऱ्याने स्वतःचे वाहन मार्गिकेत उभे करू नये. प्रथम माणसे मोटारीतून उतरवून कठड्यापलीकडे न्यावीत, मग मोटारीचे पाहावे. चाक बदलण्याची जागा सुरक्षित नसेल तर जॅकला हातच लावू नये. थांबणे शक्यच नसेल तर किलोमीटरच्या दगडावरील आकडा लक्षात ठेवून पुढे सुरक्षित जागी ११२ वर कळवावे. राष्ट्रीय महामार्ग असल्यास १०३३ वर. कोणी जखमी असल्यास १०८. आणखी एक गोष्ट. बिघडलेल्या ट्रकमागे दगड रचण्याची पद्धत आहे. ट्रक दुरुस्त होऊन निघून जातो, दगड तेथेच राहतात आणि रात्री एखाद्या दुचाकीस्वाराचा जीव घेतात. ते उचलून कडेला टाकणाऱ्याचे आभार मानायला तेथे कोणीच नसते.

पोलीस-कोर्टाचा ससेमिरा मागे लागेल, हे भय मात्र आता निराधार आहे. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी अपघातग्रस्तास मदत करणाऱ्यांना संरक्षण देणाऱ्या मार्गदर्शक तत्त्वांना बंधनकारक स्वरूप दिले. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले आणि २९ सप्टेंबर २०२० रोजी त्याचे नियम निघाले. मदतकर्त्यावर नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही. साक्षीदार होणे न होणे त्याच्या इच्छेवर आहे. तरीही या कायद्यात एक उणीव राहतेच. तो अपघातानंतरच्या मदतीविषयी बोलतो. ज्याची मोटार नुसतीच बंद पडली आहे, तो अंधारात उभा असेतो कोणत्याच कलमात बसत नाही. मागून ट्रक आदळला म्हणजे बसतो.

दुसरे भय अधिक खरे आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये हैदराबादजवळ एका तरुण पशुवैद्यक डॉक्टरची अत्याचारानंतर हत्या झाली. पोलिसांच्या तपासानुसार तिच्या स्कूटरची हवा मुद्दाम काढून मदतीच्या बहाण्याने तिला अडविण्यात आले होते. त्यामुळे एकट्या स्त्रीने काच खाली केली नाही तर तिला उद्धट म्हणू नये. दहा पावलांवरून, दोन्ही हात दिसतील असे उभे राहून विचारावे. गाडीत बसण्याचा आग्रह धरू नये. तिने घरी फोन लावेपर्यंत, पोलीस येईपर्यंत आपले दिवे लावून दूर थांबावे. सोबत पत्नी किंवा बहीण असेल तर बोलणे तिने करावे. उलट बाजूने, रात्री निर्जन जागी हात करणाऱ्याची शंका आली, तर न थांबता फोन करणे ही देखील मदतच होय.

पहाटे विहार करणाऱ्या साधू-साध्वींच्या मागेपुढे परावर्तक जाकीट घालून, हातात विजेरी घेऊन चालणारे युवक समाजात आहेत. रस्त्यावरील वाहन किती वेगाने अंगावर येते, हे त्यांच्याइतके इतरांना ठाऊक नाही. ट्रस्टच्या यात्रेची बस सुटण्यापूर्वी अशी दोन जाकिटे, एक विजेरी आणि त्रिकोण बसमध्ये आहेत ना, स्टेपनीत हवा आहे ना, हे तपासण्याचे काम त्यांच्याकडेच सोपवावे. आणि वाटेत कोणाचे वाहन बंद पडलेले दिसले, जागा सुरक्षित असली, तर बस कडेला घेण्यास चालकाला कोणी सांगायचे, हेही निघण्यापूर्वीच ठरलेले असावे. कारण त्या वेळी मागच्या आसनांवर तीस-चाळीस मुले खिडकीबाहेर पाहत बसलेली असतात.