नकाराला उत्तर
(गुणवंत विद्यार्थ्यांच्या गौरवप्रसंगी केलेले भाषण)



१९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन कमला भागवत बंगळूरच्या विज्ञान संस्थेत प्रवेश मागावयास गेल्या. संचालक सर सी. व्ही. रामन यांनी केवळ स्त्री म्हणून नकार दिला. नोबेल पारितोषिकाच्या मानकऱ्यापुढे कोण बोलणार? कमलाबाई बोलल्या. त्यांनी कारण विचारले, सत्याग्रहाचा मार्ग धरला. अखेर वर्षभर पारखून पाहण्याच्या अटीवर प्रवेश मिळाला. अट त्यांनी स्वीकारली. परंतु तो आपला अपमान होता, हे पुढे उघडपणे सांगितलेही. त्यांचे काम पाहून रामन यांचे मत पालटले आणि संस्थेचे दार इतर मुलींनाही उघडले. १९३९ मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट मिळविणाऱ्या कमलाबाई सोहोनी त्या ह्याच.

मुलांनो, गुरूचा मान अवश्य राखावा. पण त्याच्या पूर्वग्रहाला आपले प्राक्तन समजू नये. नम्रपणे कारण विचारावे आणि अभ्यास सोडू नये. आम्हां वडीलधाऱ्यांनीही उंबरठ्याशी आलेल्या मुलाला ‘नाही’ म्हणण्यापूर्वी क्षणभर थांबावे. आपल्या दारी कुणावर सत्याग्रहाची वेळ न येवो, हीच श्रीचरणी प्रार्थना.