चोंडी ते काशी : एका दीर्घ कौटुंबिक प्रवासाचे नियोजन



अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा आहे. २०२४ साली त्याला जिच्या स्मरणार्थ नवे नाव मिळाले, त्या अहिल्याबाई होळकरांचा जन्म ३१ मे १७२५ रोजी याच जिल्ह्यातील जामखेड तालुक्यात, चोंडी येथे झाला. २०२५ साली त्यांच्या जन्माला तीनशे वर्षे पूर्ण झाली. त्यांनी उभारलेली वा जीर्णोद्धार केलेली मंदिरे, घाट, विहिरी आणि धर्मशाळा भारताच्या चारही दिशांना विखुरलेल्या आहेत. चोंडी, महेश्वर, काशी आणि गया ही स्थाने एका प्रवासात पाहावीत, अशी इच्छा जिल्ह्यातील अनेक कुटुंबांच्या मनात असते. मात्र इच्छा आणि प्रवास यांमध्ये नियोजनाची पायरी असते, आणि ती गाळली की सुटीचे रूपांतर धावपळीत होते.

उदाहरणादाखल नगर शहरातील पाच जणांचे एक कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. पतिपत्नी दोघेही शिक्षक, दोन शाळकरी मुले आणि सत्तरी ओलांडलेली आजी. घरची मोटार आहे. पण मोटारीने काशी गाठून परत येणे आजींच्या प्रकृतीला झेपणारे नाही. केवळ विमानाने जावे, तर महेश्वर आणि वाटेवरचा देश पाहावयाचा राहून जातो. म्हणून काही भाग मोटारीने आणि काही विमानाने, असा मेळ घालणे भाग पडते. सर्व बारकावे आणि सर्व अडचणी या मेळातच दडलेल्या असतात.

मोटार जेथे ठेवावी, तेथेच परतावे लागते

पहिला प्रश्न अगदी साधा, पण नेमका विसरला जाणारा आहे. इंदूरपर्यंत मोटारीने जाऊन तेथून विमान धरले, तर मोटार इंदूरलाच राहते. काशीहून पुण्यास किंवा मुंबईस येणारे विमान कितीही सोयीचे वाटले, तरी या कुटुंबाला इंदूरलाच उतरले पाहिजे. काकडी येथील शिर्डी विमानतळ १ ऑक्टोबर २०१७ पासून सुरू झाला असल्याने जिल्ह्यातच उतरण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु तो मार्ग भाड्याची गाडी इंदूरला सोडून देणाऱ्यांसाठी ठीक. तशा गाडीच्या परतीच्या रिकाम्या फेरीचे भाडेही बहुधा प्रवाशालाच द्यावे लागते, हे हिशेबात धरावे. स्वतःची मोटार असल्यास इंदूर हा प्रवासाचा खुंटा मानावा आणि जाण्याचा व येण्याचा रस्ता वेगळा ठेवावा, म्हणजे तेच अंतर दोनदा कापल्याचा शीण येत नाही.

चौदा दिवसांची आखणी

प्रस्थानापूर्वीच्या एखाद्या रविवारी चोंडी आणि कर्जत तालुक्यातील सिद्धटेक ही स्थाने पाहून घ्यावीत. सिद्धटेकच्या सिद्धिविनायक मंदिराचे बांधकामही अहिल्याबाईंचेच. ही दोन्ही ठिकाणे नगरच्या दक्षिणेकडे आणि मुख्य प्रवास उत्तरेकडे असल्यामुळे त्यांना मुख्य आखणीत गोवणे योग्य नव्हे.

नगरहून शिर्डी, मनमाड, मालेगाव, धुळे, सेंधवा या मार्गाने महेश्वर सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास आहे. तरुण मंडळी हे अंतर एका दिवसात काटतील. पण आजी आणि मुले बरोबर असता पहिला मुक्काम धुळ्यास करावा. दुसऱ्या दिवशी तापी ओलांडून, बिजासन घाट दिवसाउजेडी चढून, खलघाट येथे नर्मदा पार करीत दुपारनंतर महेश्वरला पोहोचता येते. तिसरा दिवस संपूर्णपणे महेश्वरचा. १७६७ ते १७९५ या काळात अहिल्याबाईंनी ज्या नगरीतून राज्यकारभार केला, तेथील घाट, किल्ला आणि हातमागावरच्या साड्यांचे विणकाम पाहण्यास एवढा वेळ हवाच. चौथ्या दिवशी केवळ इंदूर गाठावे. पाचव्या दिवशी, अहिल्याबाईंचेच नाव धारण करणाऱ्या तेथील विमानतळावरून काशीस प्रयाण करावे.

सहावा व सातवा दिवस काशी आणि सारनाथचा. आजचे विश्वनाथ मंदिर अहिल्याबाईंनी १७८०च्या सुमारास उभारले. १३ डिसेंबर २०२१ रोजी उद्घाटन झालेल्या विस्तारित परिसरात त्यांचा पुतळाही आहे. आठव्या दिवशी भाड्याच्या मोटारीने सुमारे अडीचशे किलोमीटरवरील गया, नवव्या दिवशी १७८७ साली अहिल्याबाईंनी बांधविलेले विष्णुपद मंदिर आणि जवळचे बोधगया, दहाव्या दिवशी पुन्हा काशी, अकराव्या दिवशी विमानाने इंदूर. परतीचा रस्ता वेगळा : बाराव्या दिवशी ओंकारेश्वर पाहून बऱ्हाणपूर, तेराव्या दिवशी अजिंठा पाहून छत्रपती संभाजीनगर, चौदाव्या दिवशी वेरूळची लेणी आणि अहिल्याबाईंनीच जीर्णोद्धार केलेले घृष्णेश्वर मंदिर पाहून सायंकाळी घर.

या आखणीत सोमनाथ नाही, याचे कोणाला आश्चर्य वाटेल. तेथेही अहिल्याबाईंनी १७८३ साली मंदिर बांधले. परंतु सोमनाथ पश्चिमेला, काशी पूर्वेला. एकाच सुटीत दोन्ही कोंबली, तर विमानतळ अधिक आणि तीर्थे कमी पाहण्याची वेळ येते. काय वगळावयाचे हे ठरविणे हा नियोजनाचा अर्धा भाग होय.

वार, तिथी आणि वेळापत्रक

अजिंठ्याची लेणी सोमवारी आणि वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात. वरील क्रमात अजिंठा तेराव्या व वेरूळ चौदाव्या दिवशी येते. प्रस्थान बुधवारी ठेवले, तर तेरावा दिवस सोमवार आणि चौदावा मंगळवार येतो. म्हणजे दोन्ही लेण्यांना एकदमच मुकावे लागते. अन्य कोणत्याही वारी निघाल्यास दोन्ही पाहता येतात. सुटी अपुरी म्हणून गया वगळून प्रवास अकरा दिवसांचा केला, तर हा अडचणीचा वार बुधवार न राहता शनिवार होतो. आखणीत एक बदल केला की पुढचे सर्व दिवस पुन्हा मोजावे लागतात, हे यावरून ध्यानात येईल.

ऋतूचाही विचार अगत्याने करावयास हवा. मे महिन्यात निमाड आणि काशी येथील उन्हाळा वृद्धांना सोसवत नाही. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडील धुक्यामुळे विमाने तासन्‌तास रखडतात. भाद्रपदात पितृपक्षामुळे गयेस अलोट गर्दी लोटते. राहता राहिली दिवाळीची सुटी. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी निघाल्यास काशीस पोहोचेतो छठपूजा आटोपत आलेली असते आणि कार्तिकी पौर्णिमेच्या देवदिवाळीपूर्वी परतीचे विमान मिळते. मात्र छठपूजेसाठी गावी जाणाऱ्यांमुळे त्या दिशेची तिकिटे लवकर संपतात. म्हणून ती काही महिने आधीच काढावीत.

विमानांची वेळापत्रके वर्षातून दोनदा, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या अखेरच्या रविवारपासून, बदलतात. गतवर्षी एखाद्याने सांगितलेले थेट विमान यंदा असेलच असे नाही. म्हणून ऐकीव माहितीवर विसंबू नये. वाटेत विमान बदलावे लागणार असेल, तर दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्यावेत. स्वतंत्र तिकिटे काढली आणि पहिल्या विमानास उशीर झाला, तर दुसऱ्या तिकिटाचे नुकसान बहुधा प्रवाशाच्या माथी येते.

तिकिटावरील नाव ओळखपत्रावरील नावाशी तंतोतंत जुळले पाहिजे. आजींच्या आधारपत्रावर एक आणि तिकिटावर दुसरेच नाव असल्यास विमानतळाच्या दारातच अडचण उभी राहते. चाकांच्या खुर्चीची मागणी तिकीट काढतानाच नोंदवावी. नित्याची औषधे मोठ्या सामानात न टाकता हातातील पिशवीत ठेवावीत. मोटारीत कितीही सामान मावते, विमानात मात्र वजनाची मर्यादा असते. म्हणून काशीस लागणारे सामान आरंभीच वेगळ्या पिशवीत बांधून उरलेले इंदूरच्या मुक्कामी ठेवण्याची सोय करावी.

घाई हा खरा शत्रू

नियोजनातील सर्वांत मोठे मोल मनुष्याच्या जिवाचे आहे. नागपूर ते शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी आणि शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी वाहतुकीस खुला झाला. रस्ता उत्तम, वेग मोठा. परंतु याच महामार्गावर सिंदखेड राजानजीक १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर झालेल्या बस अपघातात पंचवीस प्रवासी मृत्युमुखी पडले. सरळ व एकसुरी रस्त्यावर चालकाची सावधता कळत-नकळत मंदावते. म्हणून रात्री मोटार चालवू नये, दर दोन तासांनी थांबावे, निघण्यापूर्वी टायरांची स्थिती व हवा तपासावी, मागे बसणाऱ्यांनीही पट्टा लावावा. विमान पकडावयाच्या दिवशी मोटारीचा लांबचा पल्ला ठेवू नये; उशीर भरून काढण्यासाठी वाढविलेला वेगच घात करतो. वरील आखणीत चौथा दिवस जवळजवळ रिकामा ठेवला आहे आणि गयेहून परतल्यावर एक रात्र काशीस काढली आहे, त्यामागील कारण हेच. त्याचप्रमाणे रजेचा शेवटचा दिवस घरी विश्रांतीसाठी राखावा.

खर्चाचा अंदाज विमान, इंधन व पथकर, मुक्काम, भोजन, स्थानिक वाहन अशा शीर्षांखाली मांडावा आणि एकूण रकमेच्या निदान दहाव्या हिश्शाइतकी गंगाजळी वेगळी ठेवावी. शासकीय कर्मचाऱ्यांनी रजा प्रवास सवलतीचा लाभ गृहीत न धरता, आपल्या संवर्गाला लागू असलेले नियम तिकीट काढण्यापूर्वी वाचावेत. नंतर वाचलेला नियम खिशाच्या उपयोगी पडत नाही.

वाटेवरील गावांचे कर्तव्य

हा विषय केवळ जाणाऱ्यांचा नाही. जसे नगरचे कुटुंब महेश्वरास जाते, तशी देशभरातील कुटुंबे शिर्डी, शनिशिंगणापूर, सिद्धटेक, चोंडी आणि भंडारदऱ्यास येतात. त्यांच्यातही एखादी आजी असते. ती पाणी पिण्याचे टाळते, कारण पुढे स्वच्छ स्वच्छतागृह मिळेल याची तिला खात्री नसते. किती तास प्यायला पाणी नाही, हे ती मुलालाही सांगत नाही. अहिल्याबाईंनी वाटसरूंसाठी विहिरी आणि धर्मशाळा बांधल्या, त्या याच गरजेची जाण ठेवून.

ग्रामपंचायतींना त्यासाठी राजवाड्याचा खजिना लागत नाही. कुलूप नसलेले, पाणी असलेले आणि रोज झाडले जाणारे स्त्रियांचे स्वच्छतागृह, फाट्यावर अंतर दर्शविणारा स्पष्ट फलक, रात्री जळणारा दिवा आणि जवळच्या दवाखान्याचा दूरध्वनी क्रमांक एवढे झाले, तरी प्रवाशाचा दिवस सुखाचा होतो. प्रवास आखणाऱ्याने घरातल्या सर्वांत अशक्त माणसाच्या चालीने आखावा आणि गावाने त्याच माणसाच्या गरजेनुसार आपली वेस सज्ज ठेवावी. अहिल्याबाईंचे नाव धारण करणाऱ्या जिल्ह्याकडून एवढी अपेक्षा मुळीच अधिक नाही.